मंदीतली विमाने : भरलेली की रिकामी?

मंदीची चर्चा सुरू झाली की सिंगापूरच्या आपल्या मराठी मंडळींत दोन परस्परविरोधी विधाने हमखास ऐकू येतात. एक म्हणतो, "परवाच मुंबईहून आलो, विमान खचाखच भरलेले होते. कुठे आहे मंदी?" दुसरा म्हणतो, "मंदी आहे म्हणजे विमाने रिकामी जात असणार. तिकिटे स्वस्त होतील, मे महिन्यात सगळेच जाऊन येऊ." दोघांचाही तर्क वरवर पटतो आणि दोघांचाही निष्कर्ष बहुधा चुकतो.

माझा व्यवसाय संगणकप्रणाली लिहिण्याचा. विमान कंपनीत मी कधी नोकरी केलेली नाही. परंतु सिंगापूर एअरलाइन्सचे वार्षिक अहवाल कोणालाही वाचता येतात आणि त्यातले आकडे समजायला शाळेतले त्रैराशिक पुरते. तोच हिशेब येथे मांडतो. त्याचा आपल्या घरखर्चाशी आणि गावी असलेल्या आईवडिलांशी काय संबंध आहे, ते शेवटी पाहू.

भारमान म्हणजे काय?

एसटीच्या बातम्यांत 'भारमान' हा शब्द आपण लहानपणापासून वाचत आलो आहोत. गाडीच्या आसनांपैकी किती भरली, त्याची ही टक्केवारी. विमान कंपन्या हाच हिशेब अंतर धरून करतात. एक आसन एक किलोमीटर नेले की झाले एक आसन-किलोमीटर. त्या आसनावर तिकीट काढलेला माणूस बसला असेल तर झाला एक प्रवासी-किलोमीटर. प्रवासी-किलोमीटरला आसन-किलोमीटरने भागून शंभराने गुणले की भारमान मिळते.

म्हणजे भारमान हा एक अपूर्णांक आहे. त्याचा अंश प्रवाशांच्या हाती असतो, पण छेद कंपनीच्या हाती असतो. मंदीत प्रवासी घटले तरी कंपनीने फेऱ्या त्याहून जास्त घटवल्या, तर भारमान चक्क वाढते. सारा घोटाळा येथेच होतो.

२००९ चा धडा

ऑक्टोबर २००८ मध्ये सिंगापूर मंदीत गेल्याचे जाहीर झाले. आशियात असे जाहीर होणारा हा पहिला देश. फेब्रुवारी २००९ मध्ये सिंगापूर एअरलाइन्सने एप्रिलपासूनच्या वर्षात आपली आसनक्षमता ११ टक्क्यांनी कमी करण्याचे आणि १७ विमाने सेवेतून काढण्याचे ठरवले.

आता आकडे पाहा. कंपनीचे वर्ष एप्रिल ते मार्च असते. २००८-०९ मध्ये तिने १ कोटी ८३ लाख प्रवासी नेले, तर २००९-१० मध्ये १ कोटी ६५ लाख. जवळजवळ १० टक्के घट. पण भारमान? ते ७६.५ वरून ७८.४ टक्क्यांवर गेले! मंदीच्या वर्षात विमाने आदल्या वर्षापेक्षा अधिक भरलेली होती. आणि समूहाचा निव्वळ नफा? तो १०६ कोटी सिंगापूर डॉलरवरून सुमारे २२ कोटींवर आला. एप्रिल ते जून २००९ या तिमाहीत तर ३०.७ कोटी डॉलरचा तोटा झाला. इंधनाचा भाव चढा असताना आगाऊ सौदे करून ठेवले होते, त्यांचाही त्यात मोठा हात होता.

विमाने जास्त भरली आणि नफा तरी आटला, हे कोडे एका तिसऱ्या आकड्याने सुटते. एका प्रवाशाला एक किलोमीटर नेल्याबद्दल कंपनीला सरासरी किती पैसे मिळाले? २००८-०९ मध्ये १२.५ सेंट, २००९-१० मध्ये १०.४ सेंट.

सोपे उदाहरण घेऊ. ३०० आसनांचे विमान, अंतर मुंबईइतके, म्हणजे साधारण ३,९०० किलोमीटर. हा दर साऱ्या मार्गांची आणि सर्व वर्गांची सरासरी आहे, त्यामुळे हे मुंबईचे खरे भाडे समजू नये. केवळ हिशेब समजण्यासाठी घेतले आहे. आधीच्या वर्षी २३० प्रवासी, प्रत्येकी ४८७ डॉलर, एकूण सुमारे १ लाख १२ हजार. पुढच्या वर्षी २३५ प्रवासी, प्रत्येकी ४०६ डॉलर, एकूण सुमारे ९५ हजार. पाच माणसे वाढली आणि गल्ला १७ हजारांनी घटला. विमानात बसलेल्या आपल्यासारख्याला ती पाच माणसे दिसतात, गल्ला दिसत नाही.

असे का होते?

विमानातले आसन मंडईतल्या पालेभाजीपेक्षाही नाशवंत. भाजी निदान दुसऱ्या दिवशी पाणी मारून विकता येते. विमान उडाले की रिकामे आसन कायमचे बुडाले. उलट वैमानिकाचा पगार, विमानाचा हप्ता, विमानतळाचे शुल्क आणि बहुतेक इंधन हा खर्च विमान अर्धे भरले तरी करावाच लागतो. त्यामुळे उड्डाण करायचेच असेल तर उरलेली आसने कमी भावात विकणे परवडते. पैसे कमी मिळतात, पण शून्यापेक्षा बरे.

दुसरे कारण, मंदीत सर्व प्रवासी सारखे घटत नाहीत. सर्वांत आधी पुढच्या महागड्या वर्गातले प्रवासी गळतात, कारण त्यांचे तिकीट कचेरी काढत असते आणि कचेऱ्या पहिली कात्री प्रवासखर्चाला लावतात. त्यानंतर हौशी पर्यटक सहल पुढे ढकलतात. घरी जाणारे मात्र सहसा थांबत नाहीत. भाचीचे लग्न, गणपती, वडिलांचे ऑपरेशन या गोष्टी मंदी पाहून ठरत नाहीत.

तिसरे कारण, काही प्रवासी नाहीसे होत नाहीत, ते स्वस्त कंपनीकडे वळतात. चांगी विमानतळावर २००८ मध्ये ३ कोटी ७७ लाख प्रवासी आले-गेले आणि २००९ मध्ये ३ कोटी ७२ लाख. घट जेमतेम सव्वा टक्का! मोठी कंपनी १० टक्के प्रवासी गमावत असताना विमानतळ जवळजवळ तेवढाच गजबजलेला राहिला.

विमाने खरोखर रिकामी केव्हा जातात?

धक्का इतका अचानक येतो की छेद कमी करायला कंपनीला सवड मिळत नाही, तेव्हा. २००३ मध्ये सार्सच्या साथीत हेच झाले. चांगीचे प्रवासी वर्षभरात २ कोटी ९० लाखांवरून २ कोटी ४७ लाखांवर आले आणि एप्रिल ते जून या तिमाहीत सिंगापूर एअरलाइन्सला ३१ कोटी डॉलरचा तोटा झाला. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे तर कंपनीने आपली ९६ टक्के क्षमता बंद केली. चांगीवर २०१९ मध्ये ६ कोटी ८३ लाख प्रवासी होते, २०२१ मध्ये अवघे ३० लाख. अशा वेळी विमान रिकामे असते हे खरे, पण त्याचा फायदा आपल्याला घेता येत नाही.

उलटही घडते. मंदी नसताना, २०२४-२५ मध्ये, या समूहाचे भारमान ८६.६ टक्के होते. आदल्या वर्षीच्या ८८ टक्क्यांच्या मानाने फरक किरकोळ. पण स्पर्धेमुळे भाडी उतरली आणि कामकाजाचा नफा २७३ कोटींवरून १७१ कोटी डॉलरवर आला. तात्पर्य, केवळ भारमानावरून कंपनीची प्रकृती कळत नाही. ज्यांच्याकडे विमान कंपनीचे समभाग आहेत त्यांनी भारमान, प्रतिकिलोमीटर उत्पन्न आणि खर्च हे तिन्ही आकडे एकत्र वाचावेत.

आपण काय करावे?

एक, मंदीत सरासरी भाडे उतरते, पण शाळेच्या सुट्ट्या आणि दिवाळी मंदीतही गर्दीचीच असते. त्यात फेऱ्या कमी झालेल्या असतात. या दिवसांचे तिकीट लवकर काढावे. स्वस्ताईचा लाभ इतर महिन्यांत घ्यावा.

दोन, आणि हे सर्वांत महत्त्वाचे. रात्री दोन वाजता घरून फोन येतो आणि सकाळच्या विमानाने निघायचे असते, तेव्हा मंदीचा उपयोग नसतो. ऐनवेळचे आसन नेहमीच महाग. पूर्वी दिवसाला दोन विमाने असतील आणि आता एकच असेल, तर हुकलेले विमान म्हणजे हुकलेला दिवस. यासाठी घरातल्या प्रत्येकाचे पूर्ण भाड्याचे जाण्यायेण्याचे तिकीट निघेल एवढी रक्कम बचत खात्यात वेगळी ठेवावी. ती मुदतठेवीत किंवा समभागांत अडकवू नये. मंदीत नोकरीची शाश्वती कमी असते, म्हणून ही रक्कम आधीच बाजूला काढलेली बरी. पासपोर्टची मुदत, कायम रहिवाशांचे पुनर्प्रवेश परवाने आणि परदेशी नागरिकत्व असलेल्या मुलांची ओसीआय कार्डे वर्षातून एकदा तपासावीत.

तीन, डबघाईला आलेल्या कंपनीचे तिकीट स्वस्त मिळते म्हणून सहा महिने आधी काढू नये. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजने उड्डाणे थांबवली, तेव्हा पुढच्या तारखांची तिकिटे अनेकांच्या हातात तशीच राहिली. अशी तिकिटे काढायचीच असतील तर क्रेडिट कार्डाने काढावीत. सेवा मिळाली नाही तर बँकेकडे रक्कम परत मागण्याचा मार्ग निदान खुला राहतो.

आणि पुढच्या वेळी शेजारचे आसन रिकामे मिळाले तर पाय पसरून बसावे. मंदी आली की गेली, हे मात्र त्यावरून ठरवू नये.