कर्जाचे ‘जर-तर’ शुल्क आणि ताळेबंदातील देणे

धाराशिव जिल्ह्यातील वाशी हा सोयाबीनचा पट्टा. समजा, तेथील एका प्रक्रिया कंपनीने पाच वर्षांसाठी १० कोटी रुपयांचे कर्ज घेतले. व्याजदर बाजारापेक्षा थोडा कमी. मात्र करारात एक अट आहे. या मुदतीत प्रवर्तकांनी कंपनी विकली, तर कर्ज देणाऱ्या संस्थेला १ कोटी रुपये जादा द्यायचे. कंपनी विकली गेली नाही, तर काहीच द्यायचे नाही. अशा ‘जर-तर’ शुल्काची नोंद हिशेबात कशी करावी?

वरवर पाहता उत्तर सोपे वाटते. घटना घडेल तेव्हा खर्च दाखवावा. छोट्या कंपन्यांना लागू असलेल्या जुन्या भारतीय मानकांपैकी ‘एएस २९’ची दिशाही साधारण तीच आहे. रक्कम द्यावी लागण्याची शक्यता अधिक असेल तर तरतूद, अन्यथा ‘संभाव्य देणे’ म्हणून टिपणीत उल्लेख. पण सावकाराने व्याजदर कमी ठेवला तो या अटीपोटीच. म्हणजे अट ही कर्जाच्या किमतीचाच एक भाग आहे आणि ती किंमत कर्ज घेतले त्याच दिवशी ठरलेली आहे.

दुसरी पद्धत येथून सुरू होते. मूळ कर्जाच्या करारात दडलेला हा एक स्वतंत्र सौदा, म्हणजेच ‘अंतर्भूत डेरिव्हेटिव्ह’, आहे असे मानून तो वेगळा काढला जातो आणि त्याचे वाजवी मूल्य देणे म्हणून दाखवले जाते. कंपनी विकली जाण्याची शक्यता ४० टक्के आणि विक्री तीन वर्षांनी होईल असे धरले, तर अपेक्षित रक्कम ४० लाख. १२ टक्के दराने तिचे आजचे मूल्य सुमारे २८.५ लाख रुपये होते. तेवढे डेरिव्हेटिव्ह देणे आणि उरलेले ९ कोटी ७१.५ लाख मूळ कर्ज, अशी पहिल्या दिवसाची नोंद होईल. हा २८.५ लाखांचा फरक पुढे पाच वर्षांत व्याजखर्च म्हणून नफा-तोटा पत्रकात येत राहील.

वर्षभरानंतर खरेदीदार दारात उभा राहिला आणि शक्यता ७० टक्क्यांवर गेली, तर उरलेल्या दोन वर्षांच्या हिशेबाने देणे सुमारे ५५.८ लाख होते. वाढलेले २७.३ लाख त्या वर्षीचा तोटा ठरतात. कंपनीची पत वाढली, गिऱ्हाईक मिळाले, आणि पत्रकात मात्र तोटा! उलट मुदत संपेपर्यंत विक्री झालीच नाही, तर हे देणे शून्यावर येऊन नफा दिसेल. हा तोटा किंवा नफा धंद्यातला नसून केलेल्या कराराचा आहे, हे वाचकाने ओळखले पाहिजे.

भारतात ५०० कोटी व त्याहून अधिक नक्त मालमत्तेच्या कंपन्यांना १ एप्रिल २०१६ पासून, तर २५० कोटींवरील कंपन्या आणि इतर सूचिबद्ध कंपन्यांना १ एप्रिल २०१७ पासून नवी मानके लागू झाली. त्यांतील ‘इंड एएस १०९’च्या व्याख्येत एक मेख आहे. करारातील एखाद्या पक्षाशीच निगडित असलेल्या बिगरवित्तीय घटकावर रक्कम अवलंबून असेल, तर ते डेरिव्हेटिव्ह ठरत नाही. कंपनीची विक्री हा असा घटक आहे काय, यावर मतभेद होऊ शकतात. अमेरिकी मानकाच्या व्याख्येत ही अट नसल्याने तेथे असे शुल्क वेगळे काढण्याकडे कल अधिक होता. अर्थात, वेगळे न काढले तरी भारतीय नियमानुसार अपेक्षित रकमेचा अंदाज बदलला की कर्जाचे पुस्तकी मूल्य बदलून फरक नफा-तोट्यात न्यावा लागतो. शुल्क पूर्णपणे नजरेआड राहत नाही.

याच जातकुळीची तरतूद महाराष्ट्राने जवळून पाहिली आहे. पुण्याच्या सुझलॉन एनर्जीच्या सुमारे ९,५०० कोटी रुपयांच्या कर्जाची २०१३ मध्ये कंपनी कर्ज पुनर्रचना व्यवस्थेतून फेरमांडणी झाली. बँकांनी सवलती दिल्या. पण कंपनी सावरल्यास सोडलेल्या रकमेची भरपाई मागण्याचा हक्क राखून ठेवला. ही भरपाई कामगिरी सुधारण्यासारख्या बाबींवर अवलंबून असल्याचे कंपनीच्या वार्षिक अहवालांत नमूद होते. रिझर्व्ह बँकेने ही पुनर्रचना व्यवस्था २०१८ मध्ये रद्द केली.

भागधारक सहसा कर्जाचा आकडा आणि व्याजदर पाहून थांबतो. अहवालाच्या अखेरीस असलेल्या टिपण्यांत ‘संभाव्य देणी’ आणि ‘वाजवी मूल्यातील बदल’ ही दोन शीर्षके तपासली, तर स्वस्त भासणारे कर्ज खरोखर किती महाग आहे, याचा अंदाज येऊ शकतो. लहान कंपन्यांच्या बाबतीत तर ही टिपणीच बहुधा एकमेव खूण असते.