नकाशा संगणकाचा, ऊन आपलं

संगणक आणि एआयमुळे वास्तुरचनेच्या कामात काय बदललं, हे आज आपण नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातली उदाहरणं घेऊन पाहू.

पहिला बदल रेखाटनाचा. 1982 साली ऑटोकॅड आलं आणि हळूहळू ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर मागे पडले. पण तिथे फक्त पेन बदललं. भिंत म्हणजे दोन रेघाच राहिल्या.

खरा बदल बीआयएमने केला. यात भिंत विटेची की दगडाची, जाडी किती, हेही त्या भिंतीबरोबर नोंदवलेलं असतं. म्हणूनच घर बांधण्याआधी ते उन्हात उभं करून पाहता येतं. मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतीतून किती उष्णता आत येईल? खिडकीवर छज्जा वाढवला तर किती कमी होईल? असे शंभर पर्याय संगणक तपासून देतो.

आता एआय. चार ओळी लिहिल्या की मिनिटभरात घराचं सुंदर चित्र तयार! पण ते शिकलंय जगभरच्या चित्रांवरून. आपल्या जिल्ह्याकडे बघा. अकोले तालुक्यात कळसूबाईच्या पायथ्याशी धो धो पाऊस. तिथली जुनी घरं उतरत्या छपराची. जामखेड-कर्जतकडे पाऊस कमी, ऊन कडक. तिथे जाड मातीच्या भिंतींची, सपाट छताची धाब्याची घरं. दुपारचं ऊन जाड भिंत ओलांडून आत येईपर्यंत संध्याकाळ होते. जिल्हा एकच, पण घरं दोन. आपण सांगितलं नाही, तर एआय दोन्हीकडे एकच काचेचं घर काढून देईल.

नगरचा फराहबाग पाहिलाय ना? 1583 साली पूर्ण झालेला हा अष्टकोनी महाल तळ्याच्या मधोमध बांधला होता. कोरड्या हवेत पाण्याची वाफ होताना हवा गार होते. आपला कूलर याच तत्त्वावर चालतो. हवा कोरडी आहे, ही माहिती त्या रचनेच्या मुळाशी होती.

तेव्हा आम्हा वास्तुरचनाकारांचं काम संपत नाही, ते सरकतं. रेघा मारण्यातला वेळ वाचला, तो जागेवर जाऊन पाहण्यात घालवायला हवा: वारा कुठून येतो, पाणी कुठे साचतं, जवळ कोणता दगड मिळतो, घरात म्हातारी माणसं किती. तुम्ही घर बांधणार असाल, तर थ्रीडी चित्र बघून लगेच हो म्हणू नका. आधी विचारा, 'यात हवामान कुठल्या गावाचं धरलंय?'