चार वाजताचा डाव

आत्याचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा ती ८१ वर्षांची होती. ऑपरेशन नीट झालं. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, म्हणून दोन-तीन महिने तिला पुण्यातल्या एका शुश्रूषा केंद्रात ठेवायचं ठरलं. तिसऱ्याच आठवड्यात तिला तिथे मेंढीकोटाचे भिडू मिळाले. रोज दुपारी चारला, चहा झाला की, व्हरांड्यातल्या टेबलावर डाव बसायचा. आणि फिजिओ यायची तीही चारलाच. "आजी, उठा बघू, दहाच मिनिटं." आत्या हातातली पानं पालथी घालून उठायची. मेंढीकोट चौघांचा खेळ. एक उठला की त्याचा भिडू अडकतो आणि समोरची जोडीही. दहा मिनिटांची चाळीस व्हायची, आणि परत आल्यावर आत्या दमून खाटेवर पडायची. पंधरा दिवसांत त्या तिघांनी चौथा गडी दुसरा शोधला. त्याच आठवड्यात आत्याने व्यायामाला नकार द्यायला सुरुवात केली. तिच्या कागदावर शेरा पडला : 'सहकार्य करत नाही.'

तो शेरा वाचून मी आधी आत्यालाच रागावले. आज त्याचं वाईट वाटतं, पण तेव्हा माझी भीतीही खोटी नव्हती. म्हातारपणी अंथरुणाला खिळणं किती महाग पडतं, हे मोजून पाहिलेलं आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात धडधाकट वृद्धांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तर त्यांच्या पायांतले स्नायू जवळजवळ एक किलोने घटले. आजार नव्हता, फक्त पडून राहणं होतं. खुब्याच्या ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी रुग्णाला उभं करतात ते यासाठीच. न्यूमोनिया, पाठीला होणाऱ्या जखमा, पायात साकळणारं रक्त, सगळे वाट बघत बसलेले असतात. व्यायाम चुकवून चालणार नव्हतंच.

मग चूक कुठे होती? फिजिओ कामसू होती, पण तिच्या वाट्याला एका दुपारी सात-आठ जण. तिची वेळ तिच्या फेरीवरून ठरायची, आत्याच्या दिवसावरून नाही. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी फिजिओचे पैसे सेशनमागे द्यायचे असतात. बिलावर ते सेशन दिसतं, पत्त्यांचा डाव कुठल्याच बिलावर येत नाही. त्यामुळे दोन्हींची टक्कर झाली की कोण माघार घेणार, हे आधीच ठरलेलं असतं.

पैसा कशाला जोडला आहे, यावरून वृद्धांचा दिवस कसा बदलतो याचं ठळक उदाहरण अमेरिकेचं. तिथे १९८७च्या कायद्याने शुश्रूषागृहांना उपचारांबरोबर विरंगुळ्याचे कार्यक्रमही सक्तीचे केले. पण सरकारी विम्याचे पैसे बरीच वर्षं थेरपीच्या मिनिटांवर मिळत होते. आठवड्याला ७२० मिनिटं भरली की सगळ्यात वरचा दर. साहजिकच असंख्य रुग्णांची मिनिटं बरोबर ७२०च्या जरा पुढे जाऊन थांबू लागली. १ ऑक्टोबर २०१९पासून ती पद्धत बदलून रुग्णाच्या अवस्थेवर पैसे द्यायला सुरुवात झाली, आणि थेरपीची मिनिटं लगेच घटली. त्या मिनिटांतली किती खरोखर रुग्णासाठी होती, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो.

वेळापत्रक लावायचं तर घड्याळापेक्षा अंगाकडे बघावं लागतं. संधिवाताच्या माणसाचे सांधे सकाळी आखडलेले असतात. त्याला सातला व्यायामाला उठवणं म्हणजे छळ. ऑपरेशनच्या रुग्णाने दुखण्याची गोळी व्यायामाआधी अर्धा-पाऊण तास घेतलेली बरी. पार्किन्सनच्या रुग्णाचं अंग गोळीचा असर असतो तेवढाच वेळ मोकळं असतं. तो सगळा वेळ व्यायामाने खाल्ला, तर कॅरमची सोंगटी मारायला उरतो तो थरथरता हात. लघवी जास्त होण्याची गोळी सकाळी घेणाऱ्या आजोबांना नंतरचे दोन तास बाथरूमपासून लांब नेऊ नये. पोटभर जेवणानंतर अनेक वृद्धांचा रक्तदाब खाली येतो, तेव्हा उभं केलं तर तोल जातो. लकवा होऊन गेलेल्यांचा थकवा तर बाहेरून दिसतही नाही. स्मृतिभ्रंश असलेल्यांपैकी बरेच जण दिवेलागणीला कावरेबावरे होतात. त्या वेळी माइक लावून सामूहिक भजन ठेवलं, तर हौसेपोटी त्रासच दिला जातो. हे सगळं तिथल्या मावशींना ठाऊक असतं. आत्याला कधी ताजंतवानं वाटतं हे मला केंद्राच्या व्यवस्थापकांनी नाही, तिला आंघोळ घालणाऱ्या मावशींनी सांगितलं : "साडेदहाला न्या हो, तेव्हा त्या गाणं गुणगुणत असतात."

आणि वेळ ठरवताना ज्याचा दिवस आहे त्याला विचारायचं. सत्तरच्या दशकात एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन यांनी अमेरिकेतल्या एका शुश्रूषागृहात एक साधा प्रयोग केला. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं, तुमचे निर्णय तुम्ही घ्या. एक रोप निवडा, त्याला पाणी तुम्हीच घाला, सिनेमा कुठल्या रात्री बघायचा तेही ठरवा. दुसऱ्या मजल्यावरही रोप दिलं, सिनेमा दाखवला. पण पाणी नर्स घालणार, रात्रही कर्मचारी ठरवणार. तीन आठवड्यांत पहिल्या गटातले लोक जास्त हुशारीत, जास्त हिंडते-फिरते दिसू लागले. त्यांच्यात मृत्यूही कमी झाले, असं पुढे मांडलं गेलं. पण त्या आकडेमोडीत चूक निघाली, म्हणून मी त्यावर भर देणार नाही. मला सिनेमाची ती रात्र पुरेशी वाटते.

एका गोष्टीबद्दल मात्र मला आग्रहाने बोलायचं आहे. हल्ली चांगल्या केंद्रांत विरंगुळ्यालाही उपचाराचं लेबल लावायची हौस वाढली आहे. भाज्या निवडणं बोटांसाठी, कॅरम मनगटासाठी, अंताक्षरी स्मरणशक्तीसाठी. त्यात तथ्य नाही असं नाही. ब्रिटनमध्ये २०१ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवर झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठवड्यातून दोनदा, पाऊण-पाऊण तासाच्या गप्पा, शब्दखेळ आणि गाण्यांनी आकलन आणि जगण्याचा दर्जा, दोन्हींत फरक पडला होता. पण माणसाचा सगळाच दिवस सुधारणेच्या कामी लावला, तर तो माणूस रात्रंदिवस रुग्णच राहतो. आमच्या फिजिओने एकदा चांगल्या मनाने सुचवलं, पानं डाव्या हातात धरा, पकड सुधारेल. आत्या म्हणाली, "अगं बाळ, सकाळी सांग, दहादा धरीन. आत्ता मला हुकूम कुठला तेवढं बघू दे."

व्यायाम साडेदहाला गेला. त्यासाठी फिजिओला फेरी उलटी करावी लागली, आणि ती तिने केली. शिवाय तिने आत्याला विचारलं, काय करता यावंसं वाटतं? आत्याने 'चालता यावं' असं म्हटलं नाही. खोलीपासून व्हरांड्यातल्या टेबलापर्यंत कुणी हात न धरता जायचंय, म्हणाली. अंतर २६ पावलांचं. मग सकाळचा व्यायाम त्या २६ पावलांचा झाला. आधी आठ, मग खुर्चीत टेकणं, मग चौदा. उंबऱ्यावरून वॉकर उचलून पलीकडे ठेवणं हा एक स्वतंत्र धडाच होता. त्यात चार दिवस गेले.

मी गेले त्या शनिवारी चौथ्या गड्याने आपणहून खुर्ची सोडली होती. चारला पाच कमी असताना आत्या निघाली. फिजिओ जिन्याजवळ दुसऱ्या आजोबांपाशी होती, तिने फक्त मान वर करून पाहिलं. आत्याने वॉकर भिंतीला लावला, दोन्ही हात टेबलावर टेकून खाली बसली, आणि श्वास पुरता यायच्या आत म्हणाली, "पिसा. उतारी माझी."