जुन्या उपासनामंदिरांची त्रिमितीय नोंद

बेळगाव-निपाणी भागात सेवा करणाऱ्या आपणां सर्वांस हा अनुभव परिचयाचा आहे: मंडळी वाढते, जुने कौलारू उपासनामंदिर अपुरे पडते, ते पाडून नवे बांधले जाते आणि मागे एखाददुसरे छायाचित्र उरते. नवे बांधणे गैर नव्हे; परंतु नोंद न करता पाडणे ही विस्मृती होय. म्हणून संगणकीय त्रिमितीय नोंदीचे स्वरूप आपण येथे पाहू.

ही नोंद मुख्यतः दोन रीतींनी होते. लेझर-यंत्र भिंतीवर किरण टाकून त्याच्या परतीवरून अंतर मोजते. अशा कोट्यवधी बिंदूंतून वास्तूचा आकार सिद्ध होतो. दुसऱ्या रीतीत, एकीचा बराच भाग दुसरीत येईल अशी शेकडो छायाचित्रे जुळवून संगणक आकार घडवितो. चित्रात ज्ञात लांबीची पट्टी ठेवल्यास मापही मिळते. यास साधा कॅमेरा पुरतो.

पॅरिसचे नोत्र दाम हे कॅथीड्रल अँड्र्यू टॅलन या कला-इतिहासकारांनी लेझरने मोजून ठेविले होते. १५ एप्रिल २०१९ रोजी त्यास आग लागली, तेव्हा ती मापे पुनर्बांधणीस उपयोगी पडली. डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा उघडले. याउलट, जुन्या गोव्यातील संत ऑगस्टीनच्या मंदिराचा मठ १८३५ मध्ये ओस पडला, १८४२ मध्ये छत कोसळले, १९३१ मध्ये दर्शनी भाग ढासळला. आज मनोऱ्याचा अर्धा भाग तेवढा उभा आहे.

आपल्या बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती हे जैन मंदिर रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने १२०४ मध्ये उभारिले. तत्संबंधीचे शिलालेख मात्र लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. वास्तू येथे, लेख तेथे. त्रिमितीय प्रतिकृतीत दोहोंची भेट घडविता येईल.

तथापि प्रतिकृती म्हणजे मूळ वस्तू नव्हे. प्रतिमेस दिलेला मान मूळ व्यक्तीकडे जातो, असे ७८७ च्या निकेया येथील दुसऱ्या धर्मसभेने शिकविले. प्रतिमेचे मोल मुळाकडे नेण्यातच आहे. यंत्र पृष्ठभाग टिपते. त्या भिंतींआड कोणी कोणती प्रार्थना केली, हे टिपत नाही. ते वृद्धांनाच विचारावे लागेल.

म्हणून आमची विनंती अशी: कुदळ लावण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत, मापे लिहावीत, वडीलधाऱ्यांच्या आठवणी नोंदवाव्यात आणि प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात. पाडलेली भिंत पुन्हा मोजता येत नाही.