इंजिन आणि पंखा

नौकेची अश्वशक्ती वाढविली, म्हणजे तिचा वेग वाढेलच असे नाही. इंग्लंडमध्ये चार्ल्स पार्सन्स यांनी 1894 मध्ये बांधलेल्या ‘टर्बिनिया’ या नौकेत बलवान बाष्प-टर्बाइन होते; तरी एका पंख्याने ती तासाला 20 सागरी मैलही गाठू शकली नाही. अतिवेगाने फिरणाऱ्या पात्यांवर दाब घटून पाण्यात वाफेच्या पोकळ्या निर्माण होत व पंख्याची पकड सुटे. पुढे तीन टर्बाइने बसवून हा भार नऊ पंख्यांवर वाटला, तेव्हा 1897 मध्ये तिने 34 मैलांची मजल मारली.

कोकणातील मच्छीमार यांत्रिक नौकेलाही हाच धडा लागू पडतो. नवे इंजिन पूर्ण जोराने चालवून त्याचे फेरे मोजावेत. ठरलेल्या संख्येहून ते अधिक भरल्यास पंखा हलका आहे. अधिक व्यासाचा किंवा अधिक पिळाचा पंखा निवडावा. कमी भरल्यास तो जड समजावा.