संजयाची नेमणूक

आमचे थोरले बंधु नाना धुळ्यास जुन्या वाड्यांत राहतात. त्यांनीं उभा जन्म दिवाणी वकिली केली. उतारवयांत कांचबिंदूनें दृष्टि गेली. वर्तमानपत्र कोणीतरी वाचून दाखवावें लागतें. परंतु क्रिकेटचा सामना मात्र ते अजून स्वतः 'पाहतात', म्हणजे दूरचित्रवाणीसमोर झोपाळ्यावर डोळे मिटून बसतात व ऐकतात. समालोचकाचा आवाज हाच त्यांचा चेंडू आणि हीच त्यांची बॅट.

२०१६ सालीं गुढीपाडव्यासाठीं मी जळगांवाहून धुळ्यास गेलों होतों. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशीं, ९ एप्रिल रोजीं, वानखेडे मैदानावर मुंबई व पुणें या संघांच्या सामन्यानें आय. पी. एल. स्पर्धेस आरंभ झाला. माजघरांत सारें कुटुंब जमलें होतें. पांचसहा षटकें झालीं असतील नसतील तोंच नानांनीं झोपाळा थांबविला आणि विचारलें, "काय रे, आज हर्षा नाहीं वाटतं ?"

आम्हां डोळसांपैकीं एकाच्याहि तें ध्यानांत आलें नव्हतें. पुतण्याच्या मुलीनें फोनवर पाहून सांगितलें, "नाना आजोबा, त्यांना काढून टाकलंय."

"कां ?"

"कारण कोणी सांगितलं नाहीं म्हणे."

हर्ष भोगले हैदराबादच्या मराठी प्राध्यापक घराण्यांतले. कसोटी सामना न खेळतांहि केवळ वाणीच्या बळावर ज्यांनीं या व्यवसायांत अग्रस्थान मिळविलें असे आपल्याकडे फार थोडे. त्यांत ते पहिले. स्पर्धा सुरू होण्याच्या ऐन तोंडावर क्रिकेट नियामक मंडळानें त्यांच्याशीं असलेला करार संपविला. कांहीं दिवसांनीं त्यांनीं स्वतः लिहिलें कीं, आपणांस अद्यापि कारण कळविण्यांत आलेलें नाहीं. त्यापूर्वीं मार्च महिन्यांत बांगला देशाविरुद्धचा बंगळूरचा सामना आपण अवघ्या एका धांवेनें जिंकला, तेव्हां अमिताभ बच्चन यांनीं, भारतीय समालोचकानें सदासर्वदा परक्यांचे गुण न गातां आपल्या खेळाडूंविषयीं बोलावें, अशा आशयाचा शेरा मारला होता आणि कर्णधार धोनी यांनीं त्यास दुजोरा दिला होता. या दोन गोष्टींचा संबंध लोकांनीं जोडला. मंडळानें तो मान्यहि केला नाहीं व नाकारलाहि नाहीं. मौन हें अशा वेळीं फार सोयीचें असतें.

मला त्या रात्रीं राग आला आणि मी तो बोलून दाखविला. नाना वकिली थाटांत म्हणाले, "रागावतोस कशाला ? करार मुदतीचा असेल, नूतनीकरण करणें न करणें मालकाच्या मर्जीवर. न्यायालयांत एक दिवस टिकायचा नाहीं दावा." त्यांचें म्हणणें कायद्यास धरून होतें, हें मला तेव्हांहि कळत होतें. तरी समाधान झालें नाहीं, तें कां, याचा शोध घेतां घेतां हा लेख झाला.

खेळाचें वर्णन कोणी करावें यावरून वाद होणें नवें नव्हे. आमचे वडील तरुणपणीं मुंबईस होते. ते बॉबी तल्यारखानांची गोष्ट सांगत. १९३४ सालीं मुंबईच्या नभोवाणीवर पारशी व मुसलमान या संघांच्या सामन्याचें वर्णन करून या गृहस्थांनीं हिंदुस्थानांत या कलेचा पाया घातला. दिवसभर ते एकटे बोलत. दुसऱ्यास ध्वनिक्षेपकाशीं येऊं देत नसत. १९४८-४९ मध्यें वेस्ट इंडीजचा संघ आला तेव्हां नभोवाणीनें एकाऐवजीं अनेक समालोचकांची योजना केली, आणि तल्यारखान उठून चालते झाले. वडील त्यांचे भक्त होते, पण म्हणत, "चूक बॉबीचीच. मैदान कांहीं त्याच्या वडिलांचें नव्हतें." तें कोणाच्याच वडिलांचें नव्हतें, सरकारी नभोवाणी कोणत्याहि संघाची चाकर नव्हती, एवढी तरी सोय त्या काळीं होती.

आमच्या बालपणीं पुण्याचे बाळ ज. पंडित आकाशवाणीवरून मराठींत धांवतें वर्णन करीत. त्यांचें मानधन कोण देई, हा प्रश्न कधीं आमच्या मनांत आला नाहीं. तो प्रश्न मनांत येऊं लागला तो दूरचित्रवाणीच्या हक्कांस सोन्याचा भाव आल्यावर. १९९३ च्या हीरो चषकाच्या वेळीं बंगालच्या क्रिकेट संघटनेनें प्रक्षेपणाचे हक्क परदेशी कंपनीस दिले. दूरदर्शननें हरकत घेतली. यंत्रसामग्री मुंबईस जकात खात्यानें अडवून ठेवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें. ९ फेब्रुवारी १९९५ रोजीं न्यायमूर्ति पी. बी. सावंत प्रभृतींनीं निर्णय दिला कीं, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. सरकारची त्यावर मक्तेदारी नाहीं, आणि ऐकणाऱ्या-पाहणाऱ्याचाहि त्यांत हक्क आहे. सरकारची मक्तेदारी गेली हें ठीक झालें. मात्र त्या मोकळ्या जागेवर जो येऊन बसला तो ऐकणारा नव्हे. २०२२ सालीं आय. पी. एल.च्या पांच वर्षांच्या प्रक्षेपणहक्कांस ४८,३९० कोटि रुपये मिळाले. एवढा पैसा ज्या वस्तूंत गुंतला तिच्याविषयीं कोणी वाकडा शब्द बोलूं नये असें मालकास वाटणें मनुष्यस्वभावास धरूनच आहे.

येथें एक बारीक भेद ध्यानीं घ्यावयास हवा. इतर बहुतेक देशांत प्रक्षेपण करणारी कंपनी समालोचक नेमते. आपल्याकडे मंडळ सामन्यांचें चित्रण स्वतःच करवूं लागलें आणि समालोचकांशीं करारहि स्वतःच करूं लागलें. सुनील गावसकर व रवि शास्त्री यांस त्यापोटीं वर्षाला साडेतीन कोटींहून अधिक रुपये मिळत, असें २०११ सालीं वृत्तपत्रांत प्रसिद्ध झालें होतें. २०१३ मध्यें ऑस्ट्रेलियाचे इयान चॅपेल यांस आमंत्रण आलें, तेव्हां संघनिवड, मंडळाचा कारभार, पंचांच्या निर्णयाची फेरतपासणी, हे विषय वर्ज्य असल्याचें त्यांस कळलें; त्यांनीं नकार दिला. परदेशस्थास नकार परवडतो. ज्याचें सारें जीवन याच मैदानांवर अवलंबून त्यानें काय करावें ?

अमेरिकेंत तर याहून मौज आहे. तेथील फुटबॉलचे नामांकित समालोचक अल मायकेल्स यांस २००६ सालीं एका कंपनीच्या करारांतून सोडवून दुसरीकडे जावयाचें होतें. पहिल्या कंपनीनें त्यांस सोडलें, पण त्याच्या मोबदल्यांत इतर कांहीं हक्कांबरोबर वॉल्ट डिस्ने यांनीं १९२७ सालीं काढलेल्या ऑस्वल्ड नांवाच्या एका चित्रांतल्या सशाचे हक्क मागून घेतले. नानांना हें सांगितलें तेव्हां ते पोट धरधरून हंसले व म्हणाले, "निदान त्या माणसाला आपली किंमत तरी कळली !"

आतां मंडळाची बाजूहि पाहावी. समालोचकाची जागा वतन नव्हे. शिवाय आपले समालोचक सर्वस्वीं निर्लेप असतात असेंहि नाहीं. २०१७ सालीं न्यायालयनियुक्त समितींतून बाहेर पडतांना रामचंद्र गुहा यांनीं लिहिलें कीं, खेळाडूंचे व्यवहार पाहणाऱ्या संस्थेचा प्रमुख त्याच खेळाडूंवर मंडळाच्या पैशानें भाष्य कसें करूं शकतो. त्यांचा रोख गावसकरांवर होता. आक्षेप बिनतोड होता, असें माझें मत. याच गावसकरांस २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्या हंगामापुरतें स्पर्धेचें अध्यक्षपद दिलें, तेव्हां समालोचन सोडावें लागल्यामुळें होणारें नुकसान मंडळानें भरून द्यावें, असेंहि सांगितलें. न्यायालयानें जें केलें तें उघड, कारणासह, सर्वांसमक्ष.

संजय मांजरेकरांचें प्रकरण असेंच लक्षांत राहण्यासारखें. विजय मांजरेकरांचे हे चिरंजीव जिभेला मुरड घालीत नाहींत, आणि दर वेळीं त्यांचेंच बरोबर असतें असेंहि नाहीं. भोगल्यांनीं गुलाबी चेंडूविषयीं सरळ प्रश्न काढला असतां, 'आम्हीं खेळलों आहों, आम्हांस विचारण्याची गरज नाहीं' अशा अर्थाचें त्यांनीं २०१९ सालीं कलकत्त्यास सुनावलें, तें मला मुळींच रुचलें नाहीं. त्याच वर्षीं रवींद्र जडेजा हा सर्वच गोष्टी थोड्याथोड्या करणारा खेळाडू असल्याचें ते बोलले. जडेजानें कडक उत्तर दिलें, आणि विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यांत ५९ चेंडूंत ७७ धांवा काढून त्याहून कडक उत्तर दिलें. खेळाडूच्या टीकेस बॅटीनें उत्तर, हा न्याय मला मान्य आहे. परंतु मार्च २०२० मध्यें मंडळानें मांजरेकरांस आपल्या यादींतून वगळलें. समालोचन हा आपला हक्क नसून बहुमान आहे असें मी मानतों, असें त्यांनीं शांतपणें लिहिलें. पुढें मंडळाच्या नियमांस बांधून राहण्याची तयारीहि कळविली; तरी त्या वर्षींच्या आय. पी. एल.मध्यें त्यांस स्थान मिळालें नाहीं.

आणि नोव्हेंबरांत सिडनीचा सामना सुरू झाला तेव्हां नाना सकाळींच ओरडले, "अरे, संजय परत आला !" तो परत आला नव्हता, मालक बदलला होता. ऑस्ट्रेलियांतील सामन्यांचे हक्क ऑस्ट्रेलियन मंडळानें विकलेले, ते सोनी कंपनीनें घेतलेले, आणि तेथें आपल्या मंडळाची यादी चालत नव्हती. मनुष्य तोच, जीभ तीच. मार्चांत नको झालेला नोव्हेंबरांत हवासा झाला.

संजय हें नांव निघालें म्हणून सांगतों. राजवाड्यांत बसून तो सारें पाहत होता अशी पुष्कळांची समजूत आहे. भीष्मपर्व उघडून पाहिल्यास तो रणभूमीवरून येऊन भीष्म पडल्याची वार्ता प्रथम सांगतो असें दिसेल. तो धृतराष्ट्राचा पगारी सेवक; तरी पुत्रमोहाचा दोष धन्याच्या पदरांत घालावयास तो कचरत नाहीं. हें बळ त्यास कोठून आलें ? व्यासांनीं दिव्यदृष्टि दिली एवढेंच सर्वांस आठवतें. पण त्याच वेळीं, याला शस्त्र छेदणार नाहीं, असेंहि व्यास बोलले. नेमणूक धृतराष्ट्राची, अभय व्यासांचें. अठराव्या दिवशीं सात्यकीनें संजयास पकडून तलवार उपसली, तेव्हां व्यास स्वतः आडवे आले व त्यांनीं त्यास सोडविलें. आजच्या संजयांस मानधन राजाकडून मिळतें; आडवा येणारा व्यास कोणी नाहीं.

मला हें इतकें कां लागावें ? कारण लहान प्रमाणांत तें मीहि भोगलें आहे. शाळेंत असतांना एका तालुक्याच्या गांवीं दर मे महिन्यांत होणाऱ्या सामन्यांचें मराठी वर्णन मी सात वर्षें करीत होतों. मोबदला म्हणजे चहा आणि शेवटच्या दिवशीं नारळ. सातव्या वर्षीं चालकांपैकीं एकाचा भाचा धांवबाद झाला, पंचांनीं त्यास नाबाद ठरविलें, आणि माझ्या तोंडून निघून गेलें कीं, "फलंदाज अजून वाटेंतच होता." लोक हंसले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं गेलों तों माझ्या खुर्चीवर दुसराच गृहस्थ. कोणी कांहीं बोललें नाहीं. एक मुलगा येऊन माझ्याजवळची गुणपत्रकाची वही तेवढी घेऊन गेला. "गुरुजी, उद्यांपासून येऊं नका, तुम्हीं भाच्याला दुखावलंत," असें कोणी तोंडावर म्हटलें असतें तर मी हंसून घरीं गेलों असतों. अजून त्या गांवावरून एस. टी. जाते तेव्हां मी दुसऱ्या खिडकीकडे पाहतों.

हें मीं नानांना पूर्वीं कधीं सांगितलें नव्हतें. सांगितलें तेव्हां ते बराच वेळ झोपाळा हलवीत राहिले आणि म्हणाले, "करारांत नसलं तरी कारण द्यावं. अशिलाला हरल्याचं दुःख होतं रे, पण निकालपत्र वाचायला मिळालं कीं तो जेवतो." भोगले २०१८ च्या हंगामांत परतले, काढल्याचें जसें कारण नव्हतें तसेंच घेतल्याचेंहि.

आतां फोनवर मराठींत समालोचन मिळूं लागल्यापासून नानांचा काळ बरा जातो. २०२३ सालीं पुण्याचे केदार जाधव मराठी समालोचन करीत असतांनाच बंगळूरच्या संघानें त्यांस खेळावयास बोलावून घेतलें. समालोचक गायब होण्याचें हें एकच कारण नानांना मनापासून पसंत पडलें.

२०२५ च्या एप्रिलांत मी पुन्हां धुळ्यास होतों. कलकत्त्याच्या खेळपट्टीविषयीं भोगले व सायमन डूल बोलले होते, म्हणून त्यांस तेथील सामन्यांस नेमूं नये असें बंगालच्या संघटनेनें मंडळास लिहिल्याची बातमी आली होती. आणि २१ तारखेच्या कलकत्त्याच्या सामन्यांत भोगले नव्हते. नाना अस्वस्थ. "पुन्हां काढलं वाटतं ?"

दुसऱ्या दिवशीं भोगल्यांचा खुलासा प्रसिद्ध झाला, तो मीं वाचून दाखविला : हा सामना माझ्या यादींत नव्हताच, याद्या स्पर्धेपूर्वींच ठरतात, कलकत्त्याचे दोन सामने मजकडे होते, पैकीं पहिल्यास मी होतों, दुसऱ्यास घरांतील आजारपणामुळें जातां आलें नाहीं, मला विचारलें असतें तर उलगडा झाला असता.

"त्यानं स्वतः सांगितलं ना ?" नाना म्हणाले. "मग झालं. घरीं कोण आजारी आहे त्याच्या, कांहीं लिहिलंय ?"

तें लिहिलेलें नव्हतें.