नळदुर्गाच्या आतून की बाहेरून?

धाराशिव जिल्ह्यातल्या नळदुर्ग किल्ल्यात उभं राहून कुणी "दरवाजापासून डावीकडे" असा पत्ता सांगितला, तर पहिला प्रश्न येतो: कुठला दरवाजा? किल्ल्याचा, की सोलापूर रस्त्यावरच्या एखाद्या हॉटेलाचा? लिनक्समध्ये प्रोग्राम बसवणारा पॅकेज मॅनेजर नेमका इथेच घोळ घालतो.

१९७९च्या युनिक्स सातव्या आवृत्तीपासून 'सीएचरूट' आहे. एखाद्या फोल्डरलाच मूळ, म्हणजे '/', समजायचं आणि प्रोग्रामला बाहेरचं काही दिसू द्यायचं नाही, अशी ही तटबंदी.

पॅकेज मॅनेजर मात्र या तटबंदीबाहेर उभा राहून आत पॅकेजं बसवू शकतो. आर्च लिनक्सचा 'पॅकमन' घ्या. '--रूट' देऊन नवी प्रणाली दुसऱ्या डिस्कवर बसवली, की पॅकेजांची नोंदवही आपोआप त्या डिस्कवर तयार होते. नोंदवहीची जागा कॉन्फिग फाइलमध्ये स्वतः लिहिली, तर मात्र तो पत्ता यजमान, म्हणजे चालू असलेल्या, प्रणालीच्या मुळापासून मोजला जातो! डाउनलोडचा साठा तर मुळातच यजमानाकडे जातो. म्हणजे पॅकेजं किल्ल्यात, त्यांची वही गावात. पॅकमनच्या मदतपानातच बजावलेलं आहे की जोडलेल्या पाहुण्या, म्हणजे दुसऱ्या डिस्कवरच्या, प्रणालीसाठी '--रूट' नको, '--सिसरूट' वापरा. सूचना चोख आहे, पण मदतपान उघडतो कोण?

डेबियनचा 'डीपीकेजी' इथे जरा शहाणा. '--रूट' दिलं की फाइली आणि नोंदवही दोन्ही आत जातात, शिवाय पॅकेजच्या स्क्रिप्टही सीएचरूट करूनच चालतात. त्यामुळे स्क्रिप्टमधलं '/इटीसी', म्हणजे कॉन्फिग फाइलींचं फोल्डर, पाहुण्याचंच असतं.